पद्मिनीचा फ्लोअर सडलाय? पत्रा कापायच्या आधी हे वाचून घ्या

जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली, इंजिन एका सेल्फमध्ये चालू होतंय, वरून पेंट चकाचक आहे आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर थेट रस्ता दिसतोय, हे इतकं कॉमन आहे की त्यात फसलो वगैरे वाटून घेऊ नका. 1089 सीसीचं ते इंजिन बांधून देणारे मिस्त्री आजही मिळतात. फ्लोअरचं काम नीट करणारे मात्र शोधावे लागतात, आणि भोकावर पत्र्याचा तुकडा ठेवून वरून डांबर फासून देणारे ढीगभर आहेत. त्यामुळे तुम्ही स्वतः वेल्डिंग करणार असाल तरी आणि गॅरेजला देणार असाल तरी हे माहीत असलेलं बरं, गॅरेजला दिली तर निदान बाजूला उभं राहून नक्की काय बघायचं ते तरी कळेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, पद्मिनीला वेगळी चासी नाही. जीपला खाली लोखंडी फ्रेम असते आणि वर बॉडी बोल्ट केलेली असते, तसं इथे काहीच नाही. फियाटने 1953 मध्ये इटलीत 1100 चं 103 मॉडेल काढलं तेच मोनोकॉक होतं, आणि कुर्ल्याच्या प्रीमियरच्या फॅक्टरीतून आलेली डिलाइट घ्या, प्रेसिडेंट घ्या किंवा 1974 पासूनची पद्मिनी घ्या, खानदान तेच. सगळं वजन पत्र्याचा डबाच पेलतो. त्यातही दाराखालच्या दोन्ही सिल, मधला टनेल ज्यातून प्रोपेलर शाफ्ट मागे जातो तो, आणि यांना जोडणारा फ्लोअर, हे तिन्ही मिळून गाडी सरळ राहते. म्हणून फ्लोअर कापणं म्हणजे नुसती फरशी बदलणं नाही. आधार न देता दोन्ही बाजूंचा फ्लोअर एकदम कापला तर गाडी मधून बसते, आणि ती बसली हे तुम्हाला कधी कळतं तर सगळं वेल्डिंग झाल्यावर, दार लावायला जाता आणि लॉक स्ट्रायकरच्या (चौकटीवरचा तो हुक ज्यात लॉक अडकतं) खाली आदळतं तेव्हा.

आता सड किती आहे ते बघायचं. कार्पेट, रबर मॅट, खालचा ज्यूटचा नमदा, सीट सगळं बाहेर काढा, अर्धवट काढून काम होत नाही. पत्र्यावर कंपनीची डांबरी शीट चिकटवलेली असते, ती हीट गन आणि स्क्रॅपरने काढायची. थंडीतली सकाळ असेल तर शीट कडक होते आणि छिन्नीच्या हलक्या ठोक्यांनी तुकडे होऊन निघते, हीट गनपेक्षा घाण कमी होते. मग एक जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीने फ्लोअर इंच इंच वाजवत जा. चांगला पत्रा टण्ण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे बद्द आवाज आला तिथे टोक दाबा, आरपार गेलं तर खडूने गोल करा, नाही गेलं पण पापुद्रा सुटला तरी गोल करा. हेच खालून पण करायचं, आणि खालून करताना चष्मा घाला नाहीतर गंजाचा चुरा डोळ्यात जाऊन दिवस वाया जातो.

नेहमीच्या जागा सांगतो. पुढे पाय ठेवतो तिथला कोपरा, सिल आणि फ्लोअर जुळतात ती पूर्ण लाइन, सीटचे बोल्ट जिथे लागतात त्या ब्रॅकेटच्या भोवती, मागच्या सीटखाली, आणि मागचे लीफ स्प्रिंग पुढच्या टोकाला जिथे बॉडीला धरलेले असतात ती जागा. ही शेवटची नीट बघा. तिथे सड असेल तर ते नुसत्या फ्लोअरचं काम राहत नाही, मागचा अॅक्सल त्याच्यावर लटकलेला आहे, आणि हातात चांगली वेल्डिंग नसेल तर ती जागा अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. माझं मत विचाराल तर सिल आणि स्प्रिंगची जागा दोन्ही गेलेली गाडी, कितीही स्वस्त मिळत असली तरी, पहिलं प्रोजेक्ट म्हणून घेऊच नका.

कागदाचा विषय पण इथेच उरकून घेऊ. चासी नंबर ज्या पत्र्यावर पंच केलेला आहे त्याला ग्राइंडर लावायचा नाही, त्याच्या आसपास पण नाही, आधी आरसी बुकशी नंबर जुळवा, फोटो काढा आणि त्यावर ग्रीस लावून टेप मारून ठेवा. दुसरं म्हणजे तुमची गाडी 50 वर्षांच्या वर असेल आणि 2021 च्या नियमाखाली व्हिंटेज म्हणून नोंदवून व्हीए सिरीजची नंबर प्लेट घ्यायचा विचार असेल तर त्या नियमात गाडी मूळ रूपातच असावी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नसावा अशी अट आहे. म्हणून मजबुतीच्या नावाखाली खालून सी चॅनल ठोकणं, चेकर प्लेट टाकणं असले उद्योग करू नका, जो पत्रा जसा होता तसाच परत बसवायचा, आणि आधीचे, मधले, नंतरचे फोटो तारखेसकट जपून ठेवायचे.

आणि पत्रा कापायच्या आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. हे कोणी करत नाही म्हणून नवीन फ्लोअर दोन-चार पावसाळ्यात परत जातो. एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून नळी लावा, प्रेशरने नाही, पावसासारखं पाणी सोडा, आधी खालून मग हळूहळू वर. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन चिरलेलं असतं आणि पाणी डॅशबोर्डच्या मागून येऊन पायाच्या कोपऱ्यात साचतं. दाराच्या खालची ड्रेन होल मातीने बुजतात, मग दारात पाणी भरून ते आत येतं. मागच्या काचेचं रबर लीक असेल तर पाणी मागच्या सीटखाली जातं आणि तिथे कोणी बघतच नाही. त्यात भर म्हणजे खालचा तो नमदा, तो पाणी असा पिऊन बसतो की दिवाळी आली तरी वाळत नाही.

हे काम कधी करायचं तर दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलैमध्ये पत्रा घासून चकचकीत केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर तांबूस गंज आलेला असतो, मग परत घासा. कोरड्या दिवसात पण नियम एकच ठेवा, जेवढा पत्रा आज घासला तेवढ्यावर आज प्रायमर गेला पाहिजे.

गाडी मोकळी करताना बॅटरी काढायची, नुसती वायर सोडायची नाही. पेट्रोलची लाइन, ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकची केबल खालून जाते, ते सोडवून बाजूला बांधा, आणि एवीतेवी उघडलंच आहे तर ब्रेकचे पाइप गंजलेले असतील तर आत्ताच नवीन टाका. मागच्या भागात वेल्डिंग असेल तर पेट्रोलची टाकी पूर्ण काढून दुसरीकडे ठेवा, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त डेंजर असते कारण आत वाफ असते. फ्लोअरवरून जाणारं वायरिंग वर उचलून बांधायचं, त्याआधी मोबाइलने फोटो, कारण महिन्याभराने कुठली वायर कुठे हे आठवत नाही.

आता आधाराचं. यात घाई केली तर पुढचं सगळं पाण्यात.

गाडी वर घेताना नुसत्या जॅकवर काम करायचं नाही हे सांगायला नको, घोड्या (जॅक स्टँड) लावा, चार, चांगल्या. पण घोडी कुठे लावता ते महत्त्वाचं. सिलच्या मधोमध लावली तर जी जागा आधीच कमजोर आहे तीच दाबली जाते. मागे अॅक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शनच्या जाड मेंबरखाली लावा, म्हणजे गाडी रस्त्यावर उभी असते तशीच तिच्या वजनावर बसते. मग लेव्हल बघायची. यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी बेस्ट, चारही कोपऱ्यांवर एकाच जागेची उंची मिळवता येते, कुठल्याही महागड्या लेझरची गरज नाही.

लेव्हल झाली की सगळी दारं लावून बघा, चारी बाजूचा गॅप किती एमएम आहे तो मास्किंग टेपवर लिहून तिथेच दारावर चिकटवा. नंतर दारं काढा आणि प्रत्येक दाराच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइपचा आधार द्या, एक आडवा आणि एक तिरपा, बिजागरीच्या बोल्टला पट्टी लावून पकडता आला तर उत्तम, नाहीतर टॅक करून, म्हणजे वेल्डचा छोटा ठिपका मारून. शिवाय डाव्या मधल्या खांबापासून उजव्या मधल्या खांबापर्यंत गाडीच्या आतून एक पाइप. आता टेपने तिरपी मापं घ्या, डाव्या पुढच्या कोपऱ्यातून उजव्या मागच्या, आणि उलट, ती भिंतीवर मार्करने लिहून ठेवा. काम चालू असताना रोज सकाळी ती मापं परत घ्यायची. दोन-तीन एमएमचा फरक दिसला की थांबायचं आणि कुठे हललं ते शोधायचं. गॅरेजला काम दिलं असेल तर मिस्त्री म्हणेल "साहेब, एवढं काय लागत नाय, आम्ही हज्जार गाड्या केल्यात". पाइपचे पैसे तुम्ही द्या आणि लावायला लावाच.

कापताना एका वेळी एकच बाजू, आणि त्यातही पुढचा भाग आधी, तो पूर्ण वेल्ड झाल्यावर मागचा. डावीकडचं सगळं झाल्याशिवाय उजवीकडे हात लावायचा नाही. वेळ जास्त जातो पण गाडी कधीच पूर्ण रिकामी होत नाही.

ग्राइंडरला एक एमएमचं पातळ कटिंग व्हील लावा. रेघ मारताना सडलेल्या भागाच्या बरोबर कडेने नाही तर दीड-दोन इंच बाहेर, जिथे पत्रा टण्ण वाजतो तिथून, कारण गंजलेल्या कडेवर वेल्डिंग टिकत नाही, तार लावली की भोक मोठं होत जातं आणि माणूस वैतागून पुट्टीकडे वळतो. कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून पुढे चीर जाते. जिथे फ्लोअर सिलला किंवा टनेलला जोडलेला आहे तिथे कापायचं नाही, तिथे स्पॉट वेल्ड सोडवायचे. वायर ब्रशने घासलं की पाच-सहा एमएमचे गोल खड्डे रांगेत दिसतात, त्यांच्या मधोमध पंच मारा आणि 8 एमएमच्या स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा सोडवा, खालच्या पत्र्याला भोक नको. मग पातळ छिन्नी घालून हलकेच उचकटा. जुना तुकडा फेकू नका, कितीही चाळणी झालेला असला तरी माप आणि आकार त्याच्यावरूनच मिळतो.

आणि सिल उघडी पडली आहे तर आत टॉर्च मारून बघाच. आत माती, गंजाचे पापुद्रे आणि कधी कधी आधीच्या मालकाने कोंबलेला फोम सापडतो, ते सगळं व्हॅक्यूमने काढून टाका.

नवीन पत्रा कुठून आणायचा? मुंबईत ऑपेरा हाउसची स्पेअरपार्टची दुकानं, कुर्ल्याला सीएसटी रोडचा भंगार बाजार, पुण्यात नाना पेठ, इथे चौकशी करायला हरकत नाही, तयार फ्लोअर पॅनल मिळालं तर वेळ वाचतो, फक्त घेताना कॅलिपर लावून जाडी बघा. भंगारातल्या गाडीचा कापलेला फ्लोअर मला स्वतःला आवडत नाही. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, त्यांचे पार्ट अजून फिरतात, पण समुद्राची हवा आणि तुंबलेल्या रस्त्यातून वर्षानुवर्षं चाललेली गाडी, तिचा फ्लोअर तुमच्यापेक्षा बरा असण्याची शक्यता कमीच. दारं, बोनेट, दिवे घ्या त्यांचे, फ्लोअर नको.

नाही मिळालं तर बनवायचं, त्यात अवघड काही नाही. 18 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या, म्हणजे साधारण 1.2 एमएम. 20 गेज, 0.9 एमएमचा, वळवायला सोपा पण वेल्डिंगला नवीन हात असेल तर लगेच भोक पडतं. जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, घेऊ नका. गंजत नाही म्हणून दुकानदार तोच गळ्यात मारेल, पण वेल्डिंग करताना त्याच्यावरचं जस्त जळतं, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि वेल्ड पण भुसभुशीत येतो.

जुन्या पॅनलवरून जाड पुठ्ठ्याचा साचा कापा, तो गाडीत बसवून बघा, कात्रीने कमी-जास्त करा, पुठ्ठा नीट बसला तरच पत्र्याला हात लावा. टनेलकडची आणि सिलकडची कड अर्धा-पाऊण इंच वळवावी लागते, कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात बेंडिंग मशीनवर दहा मिनिटांचं काम. राहिले ते फ्लोअरवरचे लांब उठाव. ते डिझाइन म्हणून दिलेले नाहीत, सपाट पत्रा गाडी चालताना डब्यासारखा धडधडतो आणि पाय ठेवला की दबतो, उठाव दिला की ताठ राहतो. बीड रोलर (असे उठाव पाडायचं मशीन) असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर सागाच्या किंवा बाभळीच्या फळीत सुताराकडून खोबण पाडून घ्या, पत्रा त्यावर क्लॅम्प करा आणि 10-12 एमएमचा गोल रॉड ठेवून हातोड्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू बसवत जा, एकाच जागी जोरात मारलं तर पत्रा मुरगळतो. उठाव पाडल्यावर पत्रा थोडा आखडतो, त्यामुळे बाहेरची फायनल कटिंग उठाव झाल्यावरच.

वेल्डिंग सीओटू मशीननेच (मिग, ज्यात तार आपोआप पुढे येते) करा. जुने डेंटर गॅसवर सुंदर काम करतात यात वाद नाही, पण गॅसची उष्णता लांबवर पसरते आणि मोठा फ्लोअर लाटांसारखा होतो. साधी आर्क तर या पत्र्यावर नकोच. मशीनला 0.8 ची तार चालते, 0.6 मिळाली तर पातळ पत्र्यावर जास्त कंट्रोल राहतो, आणि शुद्ध सीओटूऐवजी आर्गॉन मिक्स सिलिंडर मिळाला तर ठिणग्या कमी आणि वेल्ड मऊ येतो. त्याच गेजच्या टाकाऊ तुकड्यांवर सेटिंग करून घ्या, गाडीवर शिकू नका. तुकडा उलटा करून बघायचा, मागून वेल्ड उमटलेला दिसला पाहिजे, नुसता वर बसलेला दिसला तर तो उद्या उखडणार.

पॅनल बसवताना दोन प्रकारचे जोड येतात. सिल आणि टनेलच्या बाजूला पत्र्यावर पत्रा, तिथे नवीन पत्र्याला दर दीड इंचावर 8 एमएमची भोकं पाडायची, दोन्ही पत्र्यांच्या मधे झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर मारायचा, क्लॅम्पने गच्च आवळायचं आणि भोकातून खालच्या पत्र्यावर सुरू करून भोक भरून घ्यायचं, म्हणजे कंपनीच्या स्पॉटसारखंच होतं. कापलेल्या बाजूला मात्र कडेला कड लावायची, मधे एक एमएम फट. इथे पण लोक पत्र्यावर पत्रा चढवतात कारण सोपं पडतं, पण त्या दोन पत्र्यांमधे खालून पाणी शिरतं आणि नवीन गंज तिथूनच चालू. अगदीच जमत नसेल तर चढवा, पण मग खालून पूर्ण सीलर भरावा लागेल.

अर्थ क्लॅम्प, म्हणजे मशीनच्या अर्थिंगच्या वायरचा चिमटा, जिथे वेल्ड करताय त्याच्या जवळच, घासलेल्या चकचकीत पत्र्यावर लावा. लांब कुठेतरी मागच्या चाकाकडे लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्यांची वाट लागते. दोन इंचावर एक असे फक्त टॅक मारा, एकदा या टोकाला, मग त्या टोकाला, मग मधे. सगळे टॅक झाले की तिरपी मापं परत घ्या, भिंतीवरच्या आकड्यांशी सगळं जुळतंय का बघा. जुळत नसेल तर टॅक कापणं सोपं आहे. जुळलं तर मग मधल्या जागा भरायच्या, अर्धा-पाऊण इंच वेल्ड, उडी मारून दुसरीकडे, हात लावण्याइतकं गार झाल्यावर परत तिथे. सलग रेघ ओढायचा मोह होतो कारण दिसायला मस्त दिसते, पण पत्रा फुगतो आणि मग तो बसवायला अख्खा दिवस जातो. पाणी ओतून गार करू नका. भोक पडलं तर मागून तांब्याची पट्टी धरा, तार तिला चिकटत नाही.

आगीचं सांगतो. खालून जुनं डांबरी अंडरकोटिंग असतं, वेल्ड वर चालू असतो आणि ते खाली पेटलेलं तुम्हाला हेल्मेटमधून दिसतच नाही. म्हणून वेल्डच्या भोवतीचं अंडरकोटिंग खालून आधी खरवडायचं, एक माणूस खाली बघायला, हातात ओलं गोणपाट आणि फायर एक्स्टिंग्विशर, आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी गाडी सोडून जायचं नाही. कॉटनचे कपडे, चामड्याचे ग्लोव्ह्ज, बंद बूट. चप्पल घालून वेल्डिंग करणारे खूप पाहिलेत, त्यांच्या पायावरचे डाग पण पाहिलेत.

ग्राइंडिंग फ्लॅप डिस्कने, वेल्डपुरतंच, आजूबाजूचा पत्रा पातळ करू नका. मग लाइट बंद करून खालून टॉर्च मारा, जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे परत एक टॅक. उरलेल्या जुन्या पत्र्यावर हलका गंज असेल तर फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट रिमूव्हर, नंतर धुवून पूर्ण कोरडं, मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, आत आणि खाली दोन्हीकडून. नुसता रेड ऑक्साईड मारून सोडला तर त्यातून ओल आत जाते, तो घराच्या ग्रिलला ठीक आहे. प्रायमरनंतर सगळ्या जोडांवर पॉलियुरेथेनचा सीम सीलर बोटाने दाबून बसवा, बाहेरून आणि आतून. तो सुकला की आत बॉडीचा रंग, खालून रबराचं अंडरकोटिंग. सिलच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स सोडा, पण सगळं वेल्डिंग संपल्यावरच, नाहीतर ते पेटतं. ड्रेन होल मूळ फ्लोअरला जिथे होती तिथे नवीनमध्ये पण पाहिजेत, रबरी बुच लावून, सीलर मारताना ती बुजवू नका.

चौकटीतले पाइप आत्ता काढायचे, आधी नाही, आणि दारं लावून गॅप टेपवरच्या आकड्यांशी जुळतोय का बघायचं. परत एकदा नळीने पाणी मारून आत टॉर्चने बघा, कोरडं निघालं की ब्रेकचे पाइप जोडा, एअर काढा, पेट्रोल लाइन जोडून लीक बघा आणि मगच गाडी घोडीवरून खाली घ्या. ज्यूटचा नमदा परत टाकू नका, बंद सेलवाला फोम टाका, तो पाणी धरत नाही. कार्पेट चिकटवायचं नाही, नुसतं अंथरायचं, म्हणजे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उचलून खाली हात फिरवता येतो.